एवढ्या लहान मुलांना उन्हामुळं त्वचेचा कॅन्सर होतो का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या पुतणीच्या तोंडावर तिळासारखे ठिपके भरलेत, अंगणात नेलं की ती डोळे गच्च मिटते, आणि डॉक्टरांना ‘झेरोडर्मा पिगमेंटोसम’चा, म्हणजे ऊन न सोसणाऱ्या जन्मजात आजाराचा, संशय आहे. एवढ्या लहानपणी कॅन्सर होतो का? होतो. माझ्या मुलालाही हाच आजार आहे, त्याला सहाव्या वर्षी कॅन्सर झाला.

आम्ही निपाणीजवळचे. पोराच्या नाकाच्या शेंड्यावर मसुरीच्या डाळीएवढी गाठ आली. खपली धरायची, निघाली की रक्त यायचं. दोन महिने मी हळद लावत बसलो. मग तुकडा तपासायला गेला तेव्हा कळलं. गाठ काढली, नाक वाचलं. तुम्ही हळदीच्या नादाला लागू नका. पापण्या, ओठ, जिभेचं टोकसुद्धा बघत जा.

उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनए सगळ्यांचाच बिघडतो, पण शरीर तो दुरुस्त करतं. या मुलांत बहुतेक वेळा ती दुरुस्तीच नीट होत नाही. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये हे दाखवलं. त्यामुळं पहिला कॅन्सर बऱ्याचदा दहाव्या वर्षाच्या आतच होतो. दृष्ट नाही, लागण नाही. आई-बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. माझी बायको माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडं ही सोयरीक हक्काचीच. जवळच्या नात्यात दोघांकडं तेच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता जास्त. ते दोघांकडं असलं की प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. भावाला पुढच्या मुलाआधी जनुकतज्ज्ञांना भेटायला सांगा.

ढग आलेत म्हणून सोडू नका, किरणं ढगातून येतात. खिडकीच्या साध्या काचेतूनही काही येतात, म्हणून आम्ही काचांना ती किरणं अडवणारी यूव्ही फिल्म लावली. आणि एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली: शेजारी उसाच्या ट्रॉल्या जोडणारं वर्कशॉप आहे, त्या वेल्डिंगच्या उजेडातही तेच किरण असतात. आता पोरगं तिकडं फिरकत नाही. बेळगावला दाखवायला पहाटेच्या बसनं जातो, परतीला दिवस मावळायची वाट बघतो. टोपी, पूर्ण बाह्या, बाजूंनी बंद चष्मा, सनस्क्रीन हे सगळं आहेच. उन्हाविना ड जीवनसत्त्व कमी पडतं, तेही तपासून घ्या. काही मुलांना पुढं कमी ऐकू येतं, म्हणून कानही.

शाळेत एकदा प्रार्थनेला त्याला उन्हात उभं केलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांची चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून प्रत्येक बाईंच्या हातात देतो.

महिन्यातून एकदा एकाच दिव्याखाली तोंडाचे, मानेचे जवळून फोटो काढून ठेवा. परवा मानेवरचा एक ठिपका वाढलाय हे आम्हाला मागच्या फोटोशी ताडून बघितल्यावरच कळलं. गुरुवारी दाखवायला नेतोय.