आयात मद्य: करारापूर्वी परवाने आणि कर

नाशिकमध्ये परदेशी वाइन आणून विकायची असेल, तर पुरवठादाराशी करार करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्काच्या अधीक्षक कार्यालयात चौकशी करावी. कारण आयात-निर्यात संकेतांक आणि अन्नसुरक्षा परवाना हाती असला, तरी घाऊक विक्रीसाठी एफएल-१ आणि किरकोळीसाठी एफएल-२ हे परवाने राज्याचेच लागतात, आणि एफएल-२ बहुधा जुना परवाना हस्तांतरित करूनच मिळतो. खरी फसगत मात्र करांत होते. पिण्याचे मद्य जीएसटीबाहेर असल्याने त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. परंतु गोदामाचे भाडे, सल्लागाराचे शुल्क यांवर तुम्ही भरलेला जीएसटी कुठेच वळता करून घेता येत नाही, म्हणून तो सीमाशुल्काइतक्याच काटेकोरपणे बाटलीच्या किमतीत धरावा. लेबलची मंजुरी माल न्हावाशेवाला पोहोचण्याआधी घ्यावी.