करंगळीला मुंग्या येतात का?

ताई, पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मला माझेच दिवस आठवले. वर्षभर मी मानेला पट्टा बांधून काढलं आणि दुखणं निघालं मनगटात! म्हणून आधी हेच विचारते, करंगळीलाही मुंग्या येतात का?

करंगळी शाबूत आहे आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अर्धी अनामिका एवढंच बधिर होतंय, तर मनगटात मीडियन नस दबत असण्याचा संभव जास्त. यालाच कार्पल टनेल म्हणतात. झोपेत मनगट दुमडलं की तिथला दाब वाढतो, म्हणून हा त्रास रात्री छळतो. कणीक मळताना, स्कूटर चालवतानाही जाणवतो. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉईड कमी असेल तर अधिक. मला रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून दीडेक महिन्यात शांत झोप लागायला लागली. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला किंवा हातातून कप निसटू लागला, तर थांबू नका. एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, करून घ्या. तेव्हा छोटी शस्त्रक्रिया लागू शकते आणि उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर कोपराकडे बघा. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच अल्नर नस. कोपर दुमडून तासन्‌तास फोन कानाला लावू नका. कुष्ठरोगातही हीच नस जाड होते. अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात.

मान वळवली की खांद्यापासून कळ उतरते, तेव्हा मात्र मानेचा संशय घ्यावा.

दोन्ही हातांबरोबर तळपायही बधिर असतील तर साखर आणि बी-12 तपासा, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन चालू असेल तर. बी-12 च्या गोळ्या सुरू करण्याआधी तपासणीसाठी रक्त द्या, नाहीतर कमतरता अहवालात दिसेलच असं नाही.

आणि अचानक एका बाजूचा हात बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, किंवा छातीवर दाब येऊन घाम फुटला, तर घरगुती उपाय नकोत, लगेच 108. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

आज रात्री जाग आली की दिवा लावून एकेक बोट चाचपा. कागदावर हात ठेवून त्याभोवती रेघ मारा, बधिर भाग रंगवा आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या.