‘काय बे’ कोणाला म्हणावे

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुण्याहून नागपूरच्या शाळेत आल्यापासून वर्गातली मुले तुला ‘काय बे’ म्हणतात. तेच तू मोठ्या काकांना म्हटल्यावर आजी रागावली, आणि फोनवर ‘काय करून राहिली’ असे विचारलेस तेव्हा पुण्याची आत्या हसली. तेव्हा नागपूरचे लोक चुकीचे मराठी बोलतात का, असा तुझा प्रश्न आहे. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि मोठी माणसेही त्यांची गल्लत करतात, म्हणून इथून मस्कतहून जरा सविस्तर लिहितो.

‘करून राहिलो’, ‘येऊन राहिली’ ही काही पोरांनी काढलेली टूम नव्हे. पुण्यात ‘करतो आहे’ जिथे येते, तिथे विदर्भात हे रूप येते, आणि ते तुझ्या आजोबांच्या तोंडी आहे तसेच भाजीवाल्याच्याही. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, इतवारीच्या बाजारात आजही मराठीइतकीच हिंदी कानावर पडते, त्यामुळे ‘कर रहा है’शी त्याचे साम्य दिसते यात नवल नाही. ‘काऊन’ (का), ‘मले’ (मला), ‘हाव’ (हो) हे सारे याच घरचे. सोलापूर-लातूरकडे ‘काय करायलास’ म्हणतात, त्यालाही आत्या हसेल. पाठ्यपुस्तकात जे छापलेले नाही ते अशुद्ध, असे तिच्या मनाने घेतले आहे. तिला हसू दे.

‘बे’चे मात्र तसे नाही. हिंदीतल्या ‘अबे’चा हा उरलेला तुकडा आहे आणि त्याचा सगळा अर्थ बोलणाऱ्या दोघांच्या नात्यावर ठरतो. धरमपेठेत तर्री-पोहे खाताना मित्राने ‘काऊन बे, काल आला नाही?’ असे विचारले, तर त्यात आपुलकी असते. तोच मित्र एकदम ‘आपण काल का आला नाहीत?’ असे विचारू लागला, तर काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे. काकांना मात्र ‘बे’ म्हणायचे नाही, कारण ते तुला म्हणू शकतात आणि तू उलट म्हणू शकत नाहीस, एवढा साधा हिशेब आहे. हाच हिशेब उलट्या बाजूनेही लावायला हवा, आणि तिथे आपल्याकडची भलीभली माणसे चुकतात: सीताबर्डीवर वयाने मोठ्या रिक्षावाल्याला ‘चलतो का बे?’ असे विचारणारा गिऱ्हाईक स्वतःला मोकळ्या स्वभावाचा समजतो, पण त्या रिक्षावाल्याला तेच उत्तरात म्हणता येत नाही. आजी काकांच्या बाबतीत रागावली. या बाबतीतही तिने रागवावे, असे मला वाटते.

आता राहिले ‘विषय हार्ड’, म्हणजे एखादी गोष्ट एकदम भारी. हे नागपूरचे मुळीच नाही, पश्चिम महाराष्ट्रातून मोबाइलवरून तुमच्यापर्यंत आले आहे. मागे तू फोनवर आजोबांना क्रिकेटच्या सामन्याबद्दल ‘विषय हार्ड झाला’ असे सांगितलेस, आणि त्यांनी मला गंभीरपणे विचारले, ‘पोट्ट्याले कोणता विषय जड जाऊन राहिला? गणित काय?’ दोन्ही शब्द त्यांना ठाऊक होते, तरी वाक्य कळले नाही. म्हाताऱ्या माणसांना अशा बोलण्याचा त्रास होतो तो बहुधा यामुळेच. माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. सामना, पाऊस, नवी सायकल आणि आईने केलेला वडाभात या सगळ्यांना तू एकच ‘हार्ड’ लावलेस, त्यामुळे वडाभात कसा झाला होता ते मला इतक्या लांबून काही केल्या कळेना. पुढच्या पत्रात तेवढे नीट लिही.

आणि आजोबांनी ‘पोट्टा’ म्हटले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. पुण्यात तो शब्द तुसडा वाटतो, नागपुरात आया स्वतःच्या मुलांना लाडाने म्हणतात.

तुझा,
बाबा

ता. क. ‘भैताड’ म्हणजे वेडपट. मित्राने हसत म्हटले तर तूही हसत परत कर. वर्गात बाईंच्या देखत मात्र कोणालाच म्हणू नकोस.