गारांनी पत्रे फोडले, कंपनी म्हणते पत्रेच जुने होते

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. घर खाली स्लॅबचं, वर सिमेंटच्या पत्र्यांच्या दोन खोल्या. 2022 साली गृहकर्ज घेतलं तेव्हा बँकेने घराचा विमा काढला होता, हप्ता कर्जातूनच वळता झाला, पण पॉलिसीचा कागद हाती आला नाही. यंदा एप्रिलच्या गारपिटीत पत्रे फुटले, पाऊस आत आला, पीओपी छत कोसळलं, टीव्ही आणि गाद्या गेल्या. पाऊस पुन्हा येईल या भीतीने तिसऱ्या दिवशी नवे पत्रे टाकले. विम्याची आठवण पुतण्याने करून दिली. कंपनीला कळवेपर्यंत एकोणीस दिवस गेले. खर्च 1,46,000 : पत्रे 82,000, मजुरी 16,000, पीओपी 18,000, सामान 30,000. सर्व्हेअर म्हणाले, पत्रे जुने म्हणून निम्मा घसारा (जुनेपणाची कपात), आतलं नुकसान पावसाचं म्हणून शून्य, शिवाय कळवायला उशीर. 49,000 चं व्हाउचर सहीसाठी आलं आहे. सही करू का? फुटलेले पत्रे परसात रचून ठेवले आहेत.

गुरुजी, अजून सही करू नका. त्या कागदावर बहुधा ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असे शब्द असतील. नुसत्या सहीने माणसाचा हक्क संपतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच सांगितलं आहे. मात्र सही दबावाखाली किंवा फसवणुकीने घेतली गेली हे मग तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि ते ओझं आत्ता ओढवून घेण्याचं काहीच कारण नाही. पैशाची नड असेल तर कंपनीला ईमेल करा : ‘49,000 ही रक्कम मी उरलेल्या मागणीचा हक्क राखून, अंशतः म्हणून घ्यायला तयार आहे.’ त्यावर त्यांचं लेखी उत्तर येऊ द्या.

आता पॉलिसी. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते, त्यामुळे तुमची तीच असण्याची शक्यता मोठी आहे. बँकेकडे आणि कंपनीकडे आजच लेखी मागणी करून शेड्यूलसकट (कशाचा, किती रकमेचा विमा आहे तो तक्ता) पूर्ण प्रत घ्या. शेड्यूलमध्ये इमारतीबरोबर घरातलं सामान धरलं आहे का, ते आधी पाहा. धरलं असेल तर सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत संरक्षण असतं. फक्त इमारतच धरली असेल तर टीव्ही-गाद्यांचे 30,000 सोडून द्यावे लागतील. ते आधीच सांगितलेलं बरं.

धोक्यांच्या यादीत ‘गारपीट’ असा वेगळा शब्द तुम्हाला कदाचित सापडणार नाही. घाबरू नका. वादळ, तुफान हे शब्द आहेत, आणि बाहेरच्या वस्तूच्या आघाताने झालेलं नुकसानही त्यात आहे. वाऱ्यापावसासह गारा आदळून पत्रा फुटला, हे दोन्हींत बसतं. पॉलिसीच्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर विमेदाराच्या बाजूचा अर्थ घ्यायचा, हा न्यायालयांचा जुना नियम आहे, कारण मजकूर तुम्ही लिहिलेला नाही.

खरा वाद ‘पत्रे जुने’ या दोन शब्दांत आहे. पत्रे जुने असणं वेगळं आणि जुनेपणामुळे फुटणं वेगळं. जुना पत्रा एप्रिलच्या त्या दुपारपर्यंत गळत नव्हता ना? मग फोडला कोणी? अपवादाचं कलम (कशाची भरपाई मिळत नाही ते सांगणारं) कंपनी पुढे करत असेल तर ते लागू पडतं हे दाखवण्याची जबाबदारी तिची आहे.

फुटलेले पत्रे परसात रचून ठेवलेत असं तुम्ही पत्रात शेवटी सहज लिहिलं आहे. गुरुजी, तुमच्या दाव्यातला सगळ्यात मोलाचा पुरावा तो ढीग आहे. भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येक तुकड्याची कड जवळून पाहा. जुन्या तड्याच्या आत शेवाळ, काळपट डाग, धूळ बसलेली असते. गारेने फुटलेली कड आतून स्वच्छ, फिकट राखाडी दिसते, आणि माराच्या जागेभोवती चांदणीसारख्या भेगा पसरलेल्या असतात. दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून फोटो काढा. नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्यामुळे भोकाचा आकार वादातीत होतो. तुकडे फोडू किंवा कापू नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ छातीत जाणं फार वाईट. शेजारच्या घरांचे, मोटारींच्या टपावर पडलेल्या पोच्यांचे, द्राक्षबागांचे त्या दिवसाचे फोटो गावात कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतीलच. तेही मूळ फाइलसह मागून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फोटोतून तारीख-वेळ गळून जाते. तलाठ्यांनी पंचनामा केला असेल तर त्याची प्रत, आणि महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची त्या दिवसाची पावसाची व वाऱ्याची नोंदही जोडा.

निम्मा घसारा कुठून आला? या पॉलिसीत इमारतीच्या बाबतीत, नुकसानीआधी होती जवळपास तशी स्थिती परत आणण्याचा दुरुस्तीखर्च द्यायचा आहे. सिमेंटच्या पत्र्याजागी सिमेंटचाच पत्रा घातला असेल तर घसारा कोणत्या कलमाखाली कापला, असं सरळ विचारा. तुम्ही या निमित्ताने भारीतला रंगीत पत्रा टाकला असेल, तर मात्र किमतीतला फरक तुमच्याच खिशातून जाईल. बिल पाहून हे प्रामाणिकपणे वेगळं काढा.

पीओपीचंही तसंच. छपराला भोक गारांनी पाडलं आणि त्याच भोकातून पाऊस आला. नुकसानीचं निकटचं कारण गारपीटच आहे. मधली एक कडी तोडून ‘हे पावसाचं’ म्हणता येत नाही. शिवाय वादळातला पाऊस वादळापासून वेगळा काढायचा तरी कसा?

उशिराच्या मुद्द्यावर तुमची बाजू बरी आहे, पण ती नीट मांडा. ‘विसरलो’ असं लिहू नका. जे घडलं ते लिहा : पॉलिसी मला दिलीच नव्हती. विमा नियामक प्राधिकरणाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे की खरा दावा केवळ उशिराच्या कारणाने नाकारू नये. सर्वोच्च न्यायालयानेही 2017 मध्ये तोच सूर धरला. कंपनीने उशीर माहीत असूनही सर्व्हेअर पाठवला, ही गोष्टही सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या ‘गलाडा पॉवर’ निकालाच्या आधारे तुमच्या बाजूने मांडता येते. तातडीने पत्रे टाकलेत ते योग्यच केलंत. नुकसान वाढू न देणं हे विमेदाराचं कर्तव्यच असतं.

सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केलं आहे. तो अहवाल मागा, आणि प्रत्येक कपातीचं कारण कलमासह लेखी मागा. यावर मी इतका भर देते त्याला कारण आहे. ‘सौराष्ट्र केमिकल्स’ (2019) निकालानुसार नकाराच्या पत्रात जे कारण नाही ते कंपनीला नंतर खटल्यात काढता येत नाही. तोंडी सांगितलेलं ‘साहेब, बसत नाही’ कुणाला बांधत नाही. त्यांना लिहायला लावा.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे जाऊ द्या, ईमेल आणि पोचपावतीचं टपाल दोन्हीने. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. नाशिक जिल्हा त्यांच्याच अखत्यारीत येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), मर्यादा 50 लाखांची, मुदत कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्ष. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. दुसरी वाट नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत दोन वर्षं. तुमचा हप्ता पाहता तिथेही फी लागणार नाही. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही. तुमच्या रकमेचा आणि वयाचा विचार करता मी आधी लोकपालांकडेच जायला सांगेन.

एक गोष्ट बँकेची. कर्ज चालू असल्यामुळे पॉलिसीत बँकेचं नाव असेल आणि दाव्याचे पैसे थेट कर्जखात्यात जमा होऊ शकतात. दुरुस्तीची बिलं जोडून, रक्कम माझ्या बचत खात्यात द्यायला हरकत नाही, असं पत्र शाखेतून आत्ताच घेऊन ठेवा. पॉलिसीची प्रत मागायला जाल त्याच फेरीत हेही काम होईल.