तुरुंगातील मनाचा धसका आणि गटोपचार : वाचकांचे प्रश्न

कैद्यांच्या मनात खोल रुतलेला धसका आणि त्यावरचा गटोपचार, म्हणजे काही जणांनी एकत्र बसून घ्यायचा मानसोपचार, या विषयावर मागच्या वेळी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला तुरुंगातील स्त्रियांसाठी 'मन मोकळे करा' असे एक दिवसाचे शिबिर घ्यायचे आहे. प्रत्येकीला दहा मिनिटे आपली कहाणी सांगू द्यावी, असा विचार आहे. कसे करावे?
— निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपली कळकळ मला समजते, म्हणूनच स्पष्ट सांगते की हे शिबिर या स्वरूपात घेऊ नका. बोलल्याने मन हलके होते हा आपणा सर्वांचा अनुभव आहे, पण तो आपल्या माणसाशी, आपल्या वेळेला, आपल्या मर्जीने बोलण्याचा अनुभव आहे. तुरुंगातली बाई संध्याकाळच्या गिनतीनंतर बराकीत बंद होते. दिवसा जे उकरले गेले ते घेऊन तिला अनेकजणींच्या गर्दीत रात्रभर पडून राहायचे असते, आणि तोवर आपण सगळ्या घरी परतलेल्या असतो. मोठ्या दुर्घटनेनंतर लोकांना एकदाच बसवून सगळे वदवून घेण्याची पद्धत १९८० च्या दशकात फार रूढ झाली होती. पुढे काळजीपूर्वक अभ्यास झाले, तेव्हा त्या एका बैठकीने आघाताचा विकार, म्हणजे अशा धसक्यातून जडणारा मनोविकार, टळत नाही आणि काहींचा त्रास उलट वाढतो, असे दिसून आले.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये बरे होण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणे. तुरुंगातील गटाने पहिली पायरी नीट बांधली तरी पुष्कळ झाले, असे माझे मत आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा नजाव्हित्स यांनी आघात आणि व्यसन एकत्र असणाऱ्यांसाठी तयार केलेली, पंचवीस विषयांची पद्धत अमेरिकेतील स्त्रियांच्या तुरुंगांतही वापरली गेली आहे, आणि तिच्यात गतकाळातील प्रसंग तपशिलाने सांगायला लावतच नाहीत. आज रात्री झोप कशी लागेल, राग अनावर झाला तर काय करायचे, मदत कोणाकडे मागायची, हेच शिकवले जाते.

मी चालवलेल्या एका गटात दहा जणी होत्या. बाहेर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला की दहाही माना दाराकडे वळत आणि बोलणारीचे वाक्य तिथेच तुटे. दुसऱ्या आठवड्यापासून तिथल्या महिला प्रहरीने तो जुडगा रुमालात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. ज्यांना भिंतीला टेकून, दार दिसेल असे बसायचे होते त्यांना तसे बसू दिले. पाचव्या आठवड्यात, भिंत कधीच न सोडणारी एक जण दाराकडे पाठ करून बसली. त्या दिवशी तिने स्वतःविषयी एक अक्षरही सांगितले नाही, तरी त्या गटातले सर्वांत मोठे काम त्या दिवशी झाले असे मी मानते.

मंडळाला खरोखर हातभार लावायचा असेल, तर वेगळा मार्ग आहे. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुले तुरुंगात राहू शकतात. दर आठवड्याला त्याच दोघींनी, त्याच वेळी येऊन त्या मुलांना तास-दीड तास खेळवले, तर त्यांच्या आया गटात निवांत बसू शकतील. सहा महिने खंड न पाडता येणार असाल तरच हे हाती घ्या, कारण न सांगता निघून गेलेली माणसे या स्त्रियांनी आधीच पुष्कळ पाहिली आहेत.

प्रश्न : धाकटा भाऊ दीड वर्षापासून कच्चा कैदी (खटल्याचा निकाल न लागलेला) म्हणून आत आहे. तो रात्री दचकून उठतो, मुलाकातीत नजर मिळवत नाही. त्याला गटात बोलावले आहे, पण तिथे बोललेले खटल्यात त्याच्याविरुद्ध जाईल अशी भीती वाटते.
— एक बहीण, इंदूर

उत्तर : आपली भीती रास्त आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे हा प्रश्न प्रत्येक चार कैद्यांपैकी तिघांचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, परंतु सक्षम न्यायालयाचा आदेश असेल किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, तर त्याला अपवाद आहेत. शिवाय शेजारी बसलेला कैदी त्या कायद्याने बांधलेला नसतो. म्हणून नीट चालणाऱ्या गटाचा पहिला नियमच असा असतो की खटल्याविषयी, गुन्ह्याच्या तपशिलाविषयी आणि इतर आरोपींविषयी तिथे बोलायचे नाही. ते फक्त वकिलाशी बोलायचे. झोप, दचकणे, छातीतली धडधड, न्यायालयातील पेशीच्या आदल्या रात्रीची घालमेल यांविषयी मात्र मोकळेपणाने बोलता येते, आणि 'असे मलाच होत नाही' हे कळणे हाच गटाचा मोठा आधार असतो. हा नियम आहे का, हे भावाने पहिल्याच दिवशी विचारावे. नसेल, तर जाऊ नये.

तो जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलत असेल, तर गटाची वाट पाहू नका. त्याच दिवशी तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवा. तुमच्या स्वतःच्या मनावरही याचा ताण आलाच असेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रश्न : माझ्या मेहुण्याचा, बहिणीच्या नवऱ्याचा, खून झाला. मारणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी, आणि आमच्या मनाची?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपला राग योग्य आहे, आणि क्षमा करा असे मी म्हणणार नाही. गटोपचाराने शिक्षा एका दिवसानेही कमी होत नाही, होऊही नये. पण ज्याने जीव घेतला त्यालाही तो प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर दिसू शकतो, आणि त्या भीतीपासून पळण्यासाठी तो मन बधिर करून घेतो. बधिर मनाला पश्चात्ताप होत नाही. स्वतःच्या कृत्याकडे नजर न चुकवता पाहायचे, तर आधी मन थाऱ्यावर यावे लागते. त्याला सूट मिळावी हा यामागचा हेतू नाही.

आपल्या घराकडे मात्र कोणी फिरकले नसेल, ही आपल्या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. पीडितांसाठीच्या भरपाई योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्या बहिणीला झोप लागत नसेल, तर तिच्यासाठी उपचार मागायला संकोच करू नका.

प्रश्न : मी तुरुंगात ध्यानाचा वर्ग घेतो. काही जण मधूनच उठून जातात. त्यांना शिस्त कशी लावावी?
— योगशिक्षक, इंदूर

उत्तर : तिहारमध्ये १९९४ साली हजाराहून अधिक कैद्यांनी एकत्र विपश्यना केली, आणि ध्यानाचा अनेकांना लाभ होतो यात शंका नाही. परंतु ज्याच्यावर अंधारात हल्ला झाला आहे, त्याने डोळे मिटले की तो पुन्हा त्या अंधारातच जातो. डोळे उघडे ठेवण्याची, पाय जमिनीवर टेकवून समोरच्या एखाद्या वस्तूकडे पाहत बसण्याची मोकळीक सर्वांनाच द्या, म्हणजे कोणी वेगळा पडणार नाही. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. उठून जाणाऱ्याला अडवू नका, आणि दाराजवळची एक चटई तो परत येईपर्यंत रिकामी ठेवा.