शिकलेल्या घरांतही बाळांच्या लसी अर्धवट का राहतात? आईला कळत नाही का?

कळतं हो. मला कळत होतं, तरी माझ्या थोरलीची गोवर-रुबेलाची लस चार महिने उशिरा झाली.

आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले. थोरली जुलै 2018 ची. त्याच मार्चमध्ये खाणी बंद पडल्या, नवऱ्याचा ट्रक दारात उभा. बाळंतपण माहेरी, दोडामार्गला. दीड महिन्याची पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, तिथेच झाली. त्या रात्री ताप, मांडीवर सुपारीएवढी गाठ. पाय हलला की किंचाळायची. सासूबाई म्हणाल्या, आता पुरे झाल्या सुया. त्यांना मी समजावलं. दुसरा डोस नेमका चवथीत, गणपतीच्या दिवसांत आला. चवथ आटोपून नेलं तर नाक वाहतंय म्हणून परत पाठवलं. साध्या सर्दीत लस देतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सांगणारीला ठाऊक असायला हवं होतं.

नऊ महिने भरले तोवर मी होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर परत लागले होते. घर त्याच पगारावर. अर्धा दिवस कापून घेऊन, कडेवर पोर, कदंबाच्या बसने लसीला गेले. एकच बाळ आहे, वायल (अनेक डोसांची कुपी) फोडता येणार नाही, नर्सबाई म्हणाल्या. ही लस पावडरीची. कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. एका बाळासाठीही वायल उघडावी अशी सरकारी सूचना आहे, पण डोस वाया गेल्याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो, म्हणून हात आखडतो. पुढच्या महिन्यात गेले तर नर्स रजेवर. मग मलाच सुट्टी मिळेना. लस झाली ऑगस्टमध्ये.

आणि चवथीला सगळ्यांदेखत नणंद म्हणाली, "नोकरी करणाऱ्या आयांना पोरांकडे बघायला वेळ कुठे!" तेव्हा मी गप्प बसले. लसीचं कार्ड अजून कपाटात आहे. पुढची तारीख त्यावर पेन्सिलीने लिहायचे. त्या रकान्यात तीनदा खोडून कागद विरलाय. आई बाळाला घेऊन लसीला गेलीच नसती तर तारीख खोडायची वेळच आली नसती. वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर या आणि कार्ड बघून जा.

घाबरून लस टाळणारी घरंही आहेत, नाही म्हणत नाही. बांधकामावरची कुटुंबं महिन्या-दोन महिन्यांनी जागा बदलतात, त्यांची अडचण माझ्याहून मोठी. बाळाला जोराचा ताप असेल तर लस पुढे ढकलतात, तेही बरोबर.

तुमच्या घरात कोणाची राहिली असेल तर उद्याच न्या. पेंटाचे डोस चुकले तरी पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत, राहिलेले पुढे देतात. पहिला डोसच राहिला असेल तर वर्षाच्या आत न्या. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत मिळते. परत पाठवलं तर कारण कार्डावर लिहून मागा, पेनाने. उद्या घरात कोणी बोट दाखवलं तर तेच पुढे करता येईल.