मदतनीस कोण आणि कारागीर कोण?

हॉटेल, लॉज आणि ढाब्यांवर काम करणाऱ्या स्त्रियांच्या पगाराविषयी खानदेशातून येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न (भुसावळ): समान वेतनाचा कायदा फक्त कारखान्यांना लागू असतो, असे लॉजचे मॅनेजर सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर: नाही. तो हॉटेल आणि लॉजलाही लागू आहे.

प्रश्न (जळगाव): महामार्गावरच्या हॉटेलात मी आठ वर्षे खापरावरचे मांडे करते. तंदूरवरच्या माणसाला माझ्या जवळजवळ दीडपट पगार आहे. मालक म्हणतात, ‘तो कारागीर, तुम्ही मदतनीस.’

उत्तर: ताई, हजेरीपुस्तकात काय लिहिले आहे यावरून हक्क ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय आहे यावरून ठरतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवत वाढवायचा आणि न फाटता तापल्या खापरावर उतरवायचा, याला जो ‘मदत’ म्हणतो त्याने ते एकदा करून पाहावे. १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल, तर स्त्री म्हणून कमी वेतन देता येत नाही, आणि बरोबरी साधण्यासाठी त्या पुरुषाचा पगारही कापता येत नाही. ‘परवडत नाही’ ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील महिला स्टेनोग्राफरच्या खटल्यात, अमान्य केली आहे. जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार या क्षेत्रात ५४ टक्के कामगार स्त्रिया असूनही त्यांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी आहे. आपल्याकडे ही तफावत अशा पदनामांच्या आड लपते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र मांडे आणि तंदूर ही कामे ‘सारख्या स्वरूपाची’ आहेत का, हे पुराव्यावरून ठरेल, त्यामुळे अर्जाआधी वकिलांना भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ‘लगीनसराई संपल्यावर पाहू’ असे म्हणत वर्षे घालवू नका; दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे.

प्रश्न (शहादा): तोरणमाळच्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनिस्ट आहे. ‘बायकांना रात्रपाळी देता येत नाही’ असे सांगून बढती नाकारली.

उत्तर: हा ऐकीव समज आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रीची संमती असेल आणि मालक सुरक्षेची व घरापर्यंत पोहोचवण्याची सोय करत असेल, तर रात्री साडेनऊनंतरही काम देता येते. लहान आस्थापनांच्या तरतुदी वेगळ्या असल्यामुळे कामगारांची संख्या सांगून जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात खात्री करून घ्या, आणि बढती नाकारल्याचे कारण लेखी मागा.

प्रश्न (धुळे): एक संस्था हॉटेलात ‘हमखास नोकरी’ देते म्हणून मुलीसाठी अनामत मागते. भरावी का?

उत्तर: भरू नका. हॉटेलचे नेमणूकपत्र, त्यावरचे पद आणि पगार पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न (नंदुरबार): पगार रोख मिळतो, पावती नाही. तक्रार कशी करू?

उत्तर: वेतनपावती देणे मालकावर बंधनकारक आहे, ती लेखी मागा. तोपर्यंत तारीख, कामाचे तास आणि हातात आलेली रक्कम रोज वहीत लिहा, आणि ती वही घेऊनच सल्ल्याला जा.